आलाच्या रंगाची खोळ

माघातली सकाळ होती. वलगावपर्यंत जाणारी गाडी आमच्या दारापुढं उभी होती आणि गाडीवान दोनदा ओरडून झाला होता, "चाल ना बापा, ऊन चढून राहिलं!" मी गाठोडं गाडीत टाकलं. माय तोवर बाहेर आली नव्हती, आणि येईल असं मलाही वाटत नव्हतं. मग ती आली. हातात घडी घातलेली आमची लाल खोळ होती. रजईची खोळ, पण आत कापूस नव्हता. ती तिनं माझ्या गाठोड्यावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "पांघराले घे."

रिकामी खोळ, आणि ती पांघरायला! अकोल्यापर्यंत चार दिवसांची वाट, माघाची थंडी, आणि मायनं पोराला काय दिलं, तर नुसतं कापड. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. तेवढी छाती नव्हती. ती खोळ कुणी रिकामी केली होती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे गाव सोडून अकोल्याला, खामगावला, कुठं कुठं पांगलेल्यांनो, तुमच्यासाठी हे लिहायला बसलो आहे. लिहायला बसलो की हातात शाळेतली भाषा येते, बोलायला लागलो की मायची. तेवढं सांभाळून घ्या. तुमच्यातले काही म्हणतात, नामा शहरात गेला आन् गावाले इसरला. अरे बापा, विसरता आलं असतं तर हवं काय होतं?

आमचं गाव पेढी नदीच्या काठानं, वलगावपासून दोन कोसांवर. घरात आम्ही तिघंच. माय, मी आणि माझी धाकटी बहीण काशी. बाप पटकीनं गेला तेव्हा काशी पाळण्यात होती आणि मला मिसरूडही फुटलं नव्हतं. काळी जमीन होती, एक बैलजोडी होती, खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसं चाललं होतं.

पाऊस सरला की आश्विनात घर कामाला लागायचं. तुम्हाला ते सांगायला नको, पण मला सांगू द्या. पावसानं पोपडे धरलेल्या भिंती माय पांढऱ्या मातीनं सारवायची. काशी तिच्या मागं मागं फिरून खालच्या अंगाला बोटांनी नक्षी काढायची आणि मायच्या शिव्या खायची. नदीच्या डबक्यात कुजवलेली अंबाडी मी काढून आणायचो आणि सोलून दोर वळायला घ्यायचो. तिचा वास आठ दिवस अंगाचा जात नसे. काशी नाक दाबून म्हणायची, "दादा, तू जेवाले बाहीर बस." गवऱ्या रचायच्या, मागच्या सालच्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या चुलीसाठी मोळ्या बांधून ठेवायच्या, छपरावर नवं गवत चढवायचं. दिवस मावळायला लागला की पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर हिंडायच्या, आणि खिरापतीच्या डब्यात काय आहे ते ओळखायचा गोंधळ सुरू व्हायचा. काशी डबा कानाशी धरून हलवायची. फुटाणे असोत, खोबरं असो, तिला आवाजावरून कळायचं. बाकीच्या पोरी तिच्यावर जळायच्या.

आणि मग करीमचाचा यायचे. चांदूर बाजारचे पिंजारी. खांद्यावर ती पुरुषभर लांब कमान, तिला ताणून बसवलेली तात. दरवर्षी याच दिवसांत ते आमच्या गावात चार दिवस मुक्काम टाकायचे आणि घरोघरच्या रजया उसवून आतला दबलेला कापूस पिंजून द्यायचे. आमच्या घरात दोनच रजया. एक माझी आणि एक माय-काशीची. माय-काशीची होती तिची खोळ आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांनी रंगवलेली, लालभडक. मायच्या लग्नातली. कितीही धुतली तरी रंग उतरत नसे.

चाचा अंगणात बसून तातीवर लाकडी मुठीचा ठोका मारायचे आणि धुंई धुंई आवाज सुरू व्हायचा. कापूस उडायचा, काशी त्यात जाऊन बसायची आणि केसांपासून भुवयांपर्यंत पांढरी व्हायची. "देखो, बुढ्ढी आ गई," चाचा म्हणायचे. मग ती म्हातारीसारखी कंबर वाकवून सगळ्या अंगणात फिरायची. तेवढ्यावर आम्ही दिवसभर हसायचो. हसायला तेव्हा फार काही लागत नसे.

रजई भरायची मायची एक रीत होती. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात, तुम्हाला ठाऊक आहे. पऱ्हाटीखाली दहीभाताचा निवद ठेवायचा, सीतामायला हळदकुंकू वाहायचं आणि मगच बोंडाला हात लावायचा. त्या वेचणीतली पहिली मूठ माय पदराला बांधून घरी आणायची. ती विकायची नाही, सरकी काढायच्या रेच्यातही घालायची नाही. सरकीसकट तशीच ठेवायची, आणि रजई भरायच्या वेळी खोळीच्या एका कोपऱ्यात आधी ती मूठ घालून वरून फुलीचे टाके मारायची. बाकीचा कापूस नंतर. मी एकदा विचारलं, काहून? तर म्हणाली, "शेताची ऊब आधी घरात, मंग बाजारात." तिच्या मायनं तिला शिकवलेलं. गावात दुसऱ्या कुणाच्या घरी मी हे पाहिलं नाही.

आता पुढचं सांगतो. हे सांगण्यासाठीच बसलो आहे.

सातासमुद्रापलीकडं गोऱ्या लोकांची आपसात लढाई लागली आणि तिकडचा कापूस येईना म्हणून आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. लढाई कोण कुणाशी करतं, आम्हाला काय माहीत! पण अमरावतीचे दलाल शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं हिंडायला लागले आणि गावाचं डोकं फिरलं. मी त्यात पहिला. वीस वर्षांचं वय, घरचा कर्ता. त्या साली ज्वारीचं वावरही मी पऱ्हाटीखाली घातलं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. माय बैलांकडं बघत राहिली.

आश्विनात करीमचाचा आले तेव्हा दलालाचा माणूसही गावात होता. जुना कापूस असला तरी द्या म्हणाला. पिंजून आणा, नव्यात मिसळून जाईल. घरोघर गाद्या फुटल्या, उशा फुटल्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आम्ही अंथरूणच विकायला काढलं. मी दोन्ही रजया अंगणात आणून टाकल्या आणि चाचांना म्हणालो, "पिंजा, बाजाराले न्यायचा हाय."

चाचांनी कमान खाली ठेवली. "नामदेव बेटा, ये रुई बाजार की नहीं, आंग की है," ते म्हणाले. मी हसलो. महिन्याभरात नवी वेचणी येते, तेव्हा दुधासारख्या कापसानं रजई भरून घेऊ, म्हटलं. मायलाही तेच सांगितलं. चाचांनी पिंजून दिलं, पण मजुरी घेतली नाही. तेव्हा मला वाटलं, म्हातारं चळलं.

लाल खोळीचे चारही कोपरे मी स्वतः उसवले. मायची ती सरकीसकटची मूठही ढिगात झटकली. काही म्हणजे काही ठेवलं नाही.

कार्तिकात सीतादही झालं. मायनं मूठ पदराला बांधली. पहिली वेचणी घरी आली आणि भाव आणखी चढला. म्हटलं, दुसऱ्या वेचणीचा भरू. दुसरी आली, भाव तिच्याही पुढं पळाला. तिसरी. माय रोज विचारायची, "नामा, रजई कवा भरतं?" आणि मी रोज म्हणायचो, "भरू ना व माय, पळून जाऊन राहिला का कापूस?" कापूस कुठं पळतो! पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती आणि त्याच्या पलीकडं भिंतीला लागून माय आणि काशी गोणपाट अंगावर घेऊन निजत होत्या. घरात एकच घोंगडी होती. ती मी नेत होतो, शेतात राखणीला. कापूस चोरीला जाईल म्हणून.

पौषात काशीला हिवताप आला. दिवसाआड हुडहुडी भरायची, दात वाजायचे. एका दुपारी ती ढिगाजवळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "दादा, मी कापसात निजू?" दरवर्षी ती त्या ढिगात उड्या मारायची, गळ्यापर्यंत बुडून बसायची. कुणी कधी अडवलं नव्हतं. पण त्या साली सौदा झालेला होता, चार दिवसांत गाडी यायची होती, आणि मळका कापूस दिसला की दलाल नाक मुरडायचे. मी म्हणालो, "नको, मळंल."

एवढंच म्हणालो. रागानंही नाही. अंगावर माशी बसली तर हाकलावी तसं.

माय चुलीपाशी होती. ती पहिल्यांदा टाकून बोलली. "बैलाले चांदी, पोरीले गोणपाट," ती म्हणाली आणि परत भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखणीवरून आलो तर काशी ढिगात होती. माझ्या मागं पहाटे कधीतरी शिरली असणार. गुडघे पोटाशी घेतलेले, केसांत कापूस, आणि चेहरा इतका शांत की ताप उतरलासा वाटावा. मी काय केलं असेल? हात धरून तिला ओढून बाहेर काढलं. "सांगतलं होतं ना तुले! ऊठ!" ती डोळे चोळत उठली, अंगावरचा कापूस एकेक वेचून परत ढिगावर ठेवायला लागली.  मी उभा राहून बघत होतो. थांब म्हणालो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. गाव म्हणालं, हिवतापानं गेली, त्या साली लय पोरं गेली. खरंच आहे, गेली. रजई असती तर वाचली असती, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. नसती वाचली असं तरी कोण सांगेल?

दलालाची गाडी आली ती त्यानंतर. माणसं कापूस भरायला आत गेली आणि मी दारात उभा राहिलो. ढिगाच्या एका बाजूला तिच्या अंगाएवढा खळगा तसाच होता. एकानं त्यात टोपलं घातलं, आणि दोन खेपांत तो दिसेनासा झाला. त्या दिवसापासून घरात माय माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची, पण बोलणं बंद. मला ते सोसेना. जमीन चुलत्याच्या हवाली केली आणि अकोल्याची वाट धरली. पळालोच म्हणा ना!

अकोल्यात मी कुठं जाऊन पडलो, ऐका. कापसातच! दुसरं येत तरी काय होतं? पुढं आगगाडी आली, इष्टेशन झालं, सरकी काढायचे जीन आले, गठाणी बांधायचे प्रेस आले. मी बाजारात पोती उचलता उचलता कापूस पारखायला लागलो. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि आतला माल कसा ते सांगायचं. आज भोंगा वाजला की उठतो, भोंगा वाजला की जेवतो. बायको अकोल्याची आहे, रुख्मा. ती मला हसते, म्हणते, तुमचं बोलणं अजून बैलगाडीतच बसून राहिलं. पोरं आगगाडीच्या टाइमानं बोलतात. 

पण एक गोष्ट मला येते ती अख्ख्या बाजारात कुणाला येत नाही. नव्या कापसात जुन्या रजईची रुई मिसळलेली असली तर मला वासानं कळते. धुराचा वास, माणसाच्या घामाचा, कुठं तेलाचा, कुठं बाळाच्या मुताचा. वाईट साल आलं की अशी पोती येतात. मी ती परत करतो. आणणाऱ्याला बाजूला घेऊन म्हणतो, "हे घरी ने बापा, हे आंगाचं हाय." लोक शिव्या देत जातात. शेठ म्हणतात, नामदेव लय इमानदार. इमान कसलं डोंबलाचं! पोत्यात हात घातला की प्रत्येक वेळी वाटतं, आत बोटांना केस लागतील. लहान पोरीचे, तेल लावलेले. पस्तीस वर्षं झाली, अजून वाटतं.

प्रेसच्या अंगणात वेचणाऱ्या बायांची लेकरं ढिगात निजतात. मुकादम त्यांना हाकलतो. मी तिथं असलो की हाकलू देत नाही. पण लेकरू उठून गेलं की मागं राहिलेला खळगा मला बघवत नाही. पाठ फिरवून उभा राहतो. आणि आश्विन लागला, गल्लीत कुठं पिंजाऱ्याची कमान धुंई धुंई वाजायला लागली की मी त्या दिवशी घरी जेवत नाही. रुख्माला त्याचं कारण मी कधी सांगितलं नव्हतं.

मायचा निरोप यायचा. वलगावकडची एखादी गाडी बाजारात आली की गाडीवान मला शोधत यायचा. दरवर्षी थंडीच्या तोंडाला, आणि दरवर्षी निरोप तोच. "तुही माय इचारून राहिली, खोळ पांघरतं का?"

मला तो चाबूक वाटायचा. वाटायचं, ही मला विसरू देणार नाही. रिकामी खोळ देऊन पाठवलं, आणि आता दर साली विचारते, कशी काय ऊब लागते बाबा? मी गाडीवानाला म्हणायचो, "सांगा, पांघरतो." आणि खोळ पेटीच्या तळाशी जशी ठेवली होती तशीच असायची. गावाहून आलो त्या दिवशी ठेवली, पुन्हा हात लावला नाही. रुख्मानं एकदा बाहेर काढली तर मी तिच्यावर असा ओरडलो की ती दोन दिवस माहेरी जाऊन बसली.

पाच निरोप आले. सहाव्या साली गाडीवान आला तो मान खाली घालून आला. माय गेल्याला तेव्हा दोन महिने झाले होते. चार दिवसांचीच वाट, पण मी एकदाही गेलो नव्हतो. पुढं आगगाडीनं बडनेऱ्यापर्यंत जाता यायला लागलं, तरी गेलो नाही.

आता या आश्विनातली गोष्ट. आमची लेक बाळंतपणाला घरी आली आणि तिला मुलगी झाली. थंडीच्या आधी लेकराला रजई हवी म्हणून रुख्मानं, मी प्रेसवर असताना, पेटी उपसली. मी आलो तर लाल खोळ खाटेवर पसरलेली. रंग तसाच, आजही नवी वाटावी. माझं तोंड उघडायच्या आत रुख्मा म्हणाली, "ओरडू नका. आधी इकडं या. या कोपऱ्यात काहीतरी शिवलं आहे, टणक लागतं."

मी म्हटलं, काही नसेल. चारही कोपरे मी माझ्या हातानं उसवले होते.

पण होतं. कोपऱ्यावर फुलीचे टाके होते, मायचे. एक टाका लांब, एक आखूड. तिचे टाके मी अंधारातही ओळखीन. रुख्मानं सुईनं दोन टाके सैल केले आणि आत बोट घातलं. मूठभर कापूस निघाला. पिवळा पडलेला, सरकीसकट.

मी ती मूठ हातात घेतली. त्या साली सीतादह्याला पदरात बांधून आणलेली मूठ ती. सगळा हिवाळाभर मायनं कुठंतरी जपून ठेवली असणार, रजई भरायची वाट बघत. काशी गेल्यावरही टाकली नाही. आणि मी जायचं ठरवल्यावर ती कोपऱ्यात घालून, वरून टाके मारून, खोळ माझ्या गाठोड्यावर ठेवली. घरात दुसरा कापूस मी राहू दिला नव्हता. तिच्याकडं होतं तेवढं तिनं भरलं होतं. बाकीचं मी भरून घ्यायचं होतं.

पांघराले घे, म्हणाली होती ती. बोलून काय सांगणार? बोलणं तर तिनं बंद केलेलं. आणि दरवर्षी ती चाबूक मारत नव्हती. थंडी पडली की ती विचारत होती, की पोरगं उबेत आहे का. एवढंच विचारत होती माय. आणि मी गाढव पाच साल खोटं सांगत राहिलो, आणि पस्तीस वर्षं तिच्यावर मनातल्या मनात रुसून राहिलो. तिनं मला माफ केलं होतं का? ते माहीत नाही. माफी वेगळी, ऊब वेगळी. काशीच्या मरणाची माफी मी तरी मागणार कुणाकडं होतो! पण थंडीत मरू नको, एवढं तिनं शिवून दिलं होतं आणि मी ते उघडून पाहिलं नाही.

रुख्माला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. काशीचं, ढिगाचं, मळंल म्हणालो ते.  मग उठून तिनं ती मूठ परत कोपऱ्यात घातली आणि टाके घट्ट केले. "उद्या पिंजाऱ्याले बोलवा," म्हणाली. आमच्या गावाकडच्या बोलण्याला हसणारी ती बाई, त्या दिवशी मायसारखी बोलली.

पिंजारी आला. अंगणात कमान वाजली. मी घरीच थांबलो, आणि त्या दिवशी जेवलोही.

तुम्ही म्हणाल, मग आता गावाला ये. येईन, कदाचित. पण येऊन बघू काय? मायची चूल नाही, ढीग रचायची ती खोलीही आता चुलत्याच्या पोरांनी पाडून नवी बांधली म्हणतात. घर म्हणून माझ्याकडं आहे ते खोळीच्या एका कोपऱ्यात मावलेलं आहे, मूठभर. आणि काशी त्यात नाही. ती कुठल्या गठाणीत दाबली जाऊन कुठल्या समुद्रापलीकडं गेली, हे मी अजूनही प्रत्येक पोत्यात हात घालून बघतो आहे. ते सुटायचं नाही.

काल सकाळी अंगणात ऊन आलं होतं. नवी भरलेली लाल रजई खाटेवर घातली होती आणि नातीला त्यावर निजवलं होतं. तिनं पाय झाडले, हात झाडले आणि रजईवर मुतली. रुख्मा आतून धावत आली. "उचला तिले, उचला! नवीकोरी रजई मळंल!"

मी हात आडवा धरला.

"मळू दे," म्हटलं.